पहिलं गिऱ्हाईक

शंभर वर्षांपूर्वी कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल काढलं, ही गोष्ट आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही माहीत असते. गंगाराम दरबारात नोकरीला होते. वरच्या जातीच्या नोकरांसाठी राखलेल्या हौदाला शिवले म्हणून त्यांना बेदम मारलं गेलं. शाहू महाराज तेव्हा बाहेरगावी होते. परतल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना धडा शिकवलाच, पण गंगारामांनाही सांगितलं, की आता नोकरी नको, स्वतःचा धंदा कर. मदतही दिली. 'सत्यसुधारक' नावाचं हॉटेल उभं राहिलं. चहा झकास, भांडी लख्ख, आणि गिऱ्हाईक एक नाही. अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? मग महाराजांची गाडी त्या हॉटेलसमोर थांबायला लागली. भर रस्त्यात, लोकांच्या देखत महाराज गंगारामांचा चहा घ्यायचे आणि सोबत असतील त्यांनाही घ्यायला लावायचे. पुढे सोडावॉटरचं यंत्रही त्यांनी मिळवून दिलं.

ही गोष्ट आपण जातिभेदाविरुद्धची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण माझ्यासारखं ज्याचं आयुष्य पोरांना हातात कामाचं हत्यार धरायला शिकवण्यात गेलं, त्याला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. महाराजांकडे सत्ता होती, तिजोरी होती. गंगारामांना भांडवल देऊन ते मोकळे होऊ शकले असते. दरबारात बोलावून पाठ थोपटली असती तरी लोकांनी वाहवा केली असती. पण भांडवल मिळालं तरी गल्ल्यात पैसा पडत नाही, हे त्यांनी ओळखलं आणि ते स्वतः गिऱ्हाईक झाले. नुसते झाले नाहीत, वरचेवर होत राहिले. एकदा येऊन फोटोपुरता चहा पिण्यात आणि रोजच्या वाटेवर थांबण्यात फार अंतर आहे.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका सरकारी आयटीआयमध्ये टर्नर ट्रेडचा शिल्प निदेशक होतो. आता निवृत्त आहे. लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, पहिल्यांदा उभं राहिलेलं पोर कसं बिचकतं आणि वर्षभरात तेच पोर व्हर्नियर हे मोजायचं साधन न लावता बोटाने जॉबचा, म्हणजे कातलेल्या तुकड्याचा, टेपर (निमुळतेपणा) कसा सांगतं, हे मी वर्षानुवर्षं पाहत आलो. आमच्याकडे येतात ती बहुतेक कोरडवाहू किंवा एक-दोन एकर बागायतवाल्यांची पोरं. बहुतेकांना कंपनीत लागायचं असतं, आणि त्यात काही वावगं नाही. पण दर बॅचमध्ये दोन-तीन पोरं अशी असतात, की त्यांना जॉब करून झाल्यावर तो कुणाला आणि कितीला विकला जाईल, हे विचारल्याशिवाय चैन पडत नाही. अशा पोरांकडे माझं जास्त लक्ष असायचं. पास झाल्यावर ती कुठे गेली, कुणाची शेड, म्हणजे स्वतःचं छोटं वर्कशॉप, नीट चाललं, कुणी मशीन विकून पुण्याला वॉचमनची नोकरी धरली, हे मी अजूनही धरून ठेवलं आहे.

या पोरांना उत्तेजन देणाऱ्यांची वाण नाही. उद्योजकतेवर व्याख्यानं होतात, जिल्हा उद्योग केंद्राचे अधिकारी येऊन योजना समजावतात, छत्रपती संभाजीनगरात मुख्यालय असलेलं महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र 1988 पासून प्रशिक्षणं घेतं आहे. भाषण ऐकून पोरांचे डोळे चमकतात. ती चमक खरी असते, तिला मी कधी कमी लेखलं नाही. पण सहा महिन्यांनी तेच पोर भेटतं तेव्हा त्याच्याकडे मशीन असतं, फ्लेक्स असतो, गावातल्या पुढाऱ्याच्या हस्ते झालेलं उद्घाटन असतं, आणि काम नसतं. "सर, काम बघा की कुठं," एवढंच ते म्हणतं. भांडवल, प्रशिक्षण, जागा हे सगळं लागतंच. तरी जे धंदे जगले त्यांच्या मुळाशी मला दर वेळी एखादा माणूस सापडला आहे, ज्याने कसलाही पुरावा हातात नसताना त्या पोराला काम दिलं आणि त्याचे पैसे वेळेवर चुकते केले.

आमच्या भागात याचं सगळ्यात मोठं उदाहरण रेल्वे स्टेशनच्या पाटीवरच लिहिलेलं आहे. मिरज-पुणे लाइनवरचं किर्लोस्करवाडी. पूर्वी त्या स्टेशनाचं नाव कुंडल रोड होतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट आपण शेवटाकडून सांगतो: पंप, इंजिनं, देशभर पसरलेले कारखाने. मला ती सुरुवातीकडून सांगायला आवडते, कारण सुरुवातीलाच सगळं शिकण्यासारखं आहे. लक्ष्मणराव मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे आणि बेळगावात थोरले भाऊ रामूअण्णा सायकली विकायचे. त्या दुकानाचं साल 1888. लक्ष्मणराव तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचे. पुढे नोकरीत त्यांची हक्काची बढती डावलली गेली आणि ते बेळगावला परतले. आधी कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर.

नांगर उत्तम होता आणि कुणी घेईना. लोखंडाने जमीन नासते, तिला विष चढतं, असा शेतकऱ्यांचा समज. पहिले मोजके नांगर खपायला दोन वर्षं लागली. ही दोन वर्षं माझ्या डोक्यातून जात नाहीत. माल तयार आहे, तो चांगला आहे हे करणाऱ्याला ठाऊक आहे, आणि तो गंजत पडला आहे. आजचं पोर असतं तर तिसऱ्या महिन्यात घरून फोन सुरू झाले असते. किर्लोस्करांच्या मागे घर उभं राहिलं. रामूअण्णा भाऊ होते, दुकानातले भागीदार होते आणि पुढे वाडीच्या वसाहतीचा कारभारही त्यांनीच पाहिला. उद्योजकाच्या चरित्रात अशा माणसाला एखाददुसरं पान मिळतं. मला वाटतं, तरुणांसमोर बोलताना लक्ष्मणरावांइतकंच रामूअण्णांबद्दल बोललं पाहिजे, आणि त्या भाषणाला पोरांच्या आधी त्यांच्या थोरल्या भावांना बसवलं पाहिजे.

मग बेळगावची जागा नगरपालिकेला वस्तीसाठी हवी झाली आणि कारखाना उठवावा लागला. लक्ष्मणराव तेव्हा चाळिशीत होते. इथे औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आले. त्यांनी काय केलं याचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी काम दिलं: औंधच्या देवळातला सभामंडप बांधायचं. नंतर कुंडलजवळचा निवडुंगाने आणि सापांनी भरलेला माळ दिला. दहा हजार रुपयांचं कर्जही दिलं. 1910 साली त्या माळावर वाडी वसली. सभामंडपाच्या कामामुळे माणसं विखुरली नाहीत, हातातलं कसब थांबलं नाही आणि अंगावर आलेली आपत्ती निभावली. आज आपल्या योजना बरोबर उलट्या क्रमाने चालतात. आधी कर्ज, मग जागा, आणि कामाचं तुझं तू बघ.

हे एकच उदाहरण नव्हे. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीत 1916 साली ओगले बंधूंचा काच कारखाना उभा राहिला तोही औंध संस्थानच्याच आधाराने. त्यांचा प्रभाकर कंदील पुढे महाराष्ट्रातल्या घराघरांत गेला. इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, त्यांच्या पाठीशी जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे होते. आज त्या शहराचं पोट यंत्रमागावर चालतं. ही संस्थानं लहान, उत्पन्न बेताचं. पण राज्यकर्त्याला कारागीर नावानिशी ठाऊक होता. आता राजे नाहीत, आणि ते परत यावेत असंही कुणाला वाटत नाही. त्यांच्या हातात जी खरेदी होती ती मात्र नाहीशी झालेली नाही. ती साखर कारखान्यांकडे, दूध संघांकडे, ग्रामपंचायतींकडे, शाळांच्या समित्यांकडे, एमआयडीसीतल्या मोठ्या युनिटांकडे आणि तुमच्या-माझ्या घरांकडे वाटली गेली आहे. दाराची ग्रिल, गोठ्याचं शेड, वर्गातले बाक, गणपतीच्या मांडवाची लोखंडी चौकट, कॅन्टीनचा नाश्ता, ऑफिसच्या फायली. बाळासाहेबांची खुर्ची आता आपल्या सगळ्यांच्या घरात आहे.

एका मुलीची गोष्ट सांगतो. ती माझ्या ट्रेडची नव्हती, इलेक्ट्रिशियनची. पण वर्कशॉपात येऊन लेथवर बुश कसा काढतात ते बघत उभी राहायची, म्हणून ओळख झाली. पास झाल्यावर तिने शेतीपंपाच्या मोटरी भरायचं, म्हणजे जळलेल्या मोटरीतली तारेची वाइंडिंग नव्याने घालायचं, काम घरीच सुरू करायचं ठरवलं. वडिलांनी गोठ्याची अर्धी बाजू मोकळी करून दिली. आईला मात्र शिलाई मशीन किंवा पार्लर बरं वाटत होतं. आईचं चुकलं असं मी म्हणणार नाही. गावात बाईकडे बाईच गिऱ्हाईक म्हणून येते, हा तिचा आयुष्यभराचा अनुभव. आणि मोटर घेऊन येणार तो बाप्याच.

झालंही तसंच. लोक यायचे, दारातून विचारायचे, "मिस्त्री कुठायत?" ती म्हणायची, "मीच." मग ते भावाची चौकशी करायचे आणि उद्या येतो म्हणून जायचे. उद्या कुणी येत नसे. नातेवाईक आले, पण त्यांना काम फुकटात हवं होतं, घरचंच आहे म्हणून. नवा धंदा मोडायला परक्यांपेक्षा आपलीच माणसं जास्त कारण होतात. त्यांच्याकडे पैसे मागता येत नाहीत आणि त्यांना नाही म्हणता येत नाही.

मग एप्रिल आला. ऊस वाळायला लागलेला, वीज रात्रीची, त्यातही व्होल्टेज कमी. अशा दिवसांत गावोगाव मोटरी जळतात. एका शेतकऱ्याची पाच एचपीची मोनोब्लॉक (पंप आणि मोटर एकत्र असलेली) जळाली आणि तालुक्याच्या मिस्त्रीकडे आठवड्याची रांग होती. तो नाइलाजाने हिच्याकडे आला. तिने जळकी वाइंडिंग तोडून काढली, एकेका कॉइलचे वेढे मोजले, तारेचा गेज मायक्रोमीटरने पाहिला, स्लॉटमध्ये कागद घालून नव्या कॉइल भरल्या, वॉर्निश देऊन वाळवलं, वीज कुठे गळत नाही ना, हे मेगर लावून तपासलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोटर विहिरीवर बसली आणि पाणी पाटाला लागलं. त्याने पैसे दिले ते दिलेच, पण सकाळी दूध घालायला डेअरीवर गेला तेव्हा चार माणसांत सांगितलं, की पोरीने मोटर भरली, आवाज करत नाही आणि तापत नाही. गावात डेअरीवर सांगितलेलं दुपारपर्यंत सगळ्या मळ्यांत पोहोचतं.

हे गिऱ्हाईक दयेपोटी आलं नव्हतं, म्हणून मला त्याची फार किंमत वाटते. दयेने येणारा माणूस कामातली खोट सांगत नाही. चांगलंय, चांगलंय म्हणतो आणि पुढच्या वेळी दुसरीकडे जातो. हा गरजेपोटी आला, शंका घेत आला, मोटर चालू केल्यावर हात लावून बघत बसला. पुढे एकदा बेअरिंगची खरखर ऐकू आली तेव्हा भांडायलाही आला. त्या भांडणातून ती बेअरिंग बसवायला नीट शिकली. आज तिच्याकडे एक वही आहे. प्रत्येक मोटरची कंपनी, एचपी, स्लॉट, वेढे, गेज, तारीख, कुणाची, कशाने जळाली, सगळं तिच्यात आहे. एवढी माहिती जिच्या वहीत आहे तिला कर्ज द्यायला बँकेने जास्त कागद मागू नयेत असं मला मनापासून वाटतं. पण वही तारण धरायची सोय अजून कुठल्या बँकेत नाही.

आता पैशांचं. पोरांना वाटतं कर्ज मिळालं की सुटलो. कर्ज पूर्वीच्या मानाने खरंच सोपं झालं आहे, हे मान्य केलं पाहिजे. 2015 पासून मुद्रा योजना आहे: शिशु 50 हजारांपर्यंत, किशोर 5 लाखांपर्यंत, तरुण 10 लाखांपर्यंत, आणि तरुणमधलं कर्ज नीट फेडलेल्यांना आता 20 लाखांपर्यंत. तारण लागत नाही. 2008 पासून पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे. त्यात प्रवर्ग आणि गाव-शहर यांप्रमाणे 15 ते 35 टक्के अनुदान मिळतं. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम 2019 पासून. एक गोष्ट मात्र प्रत्येक पोराला आधीच सांगावी लागते: हे अनुदान हातात नोटा म्हणून येत नाही. ते तीन वर्षं बँकेत त्याच्या नावाने राहतं आणि धंदा चालू असला तर कर्जात वळतं होतं. सबसिडी आली की हप्ते भरू, असा हिशेब मांडून बसलेली पोरं पहिल्या वर्षातच अडचणीत येतात.

पण खरा फास कर्जाचा नसतो, उधारीचा असतो. समजा पोराने महिन्याला दीड लाखाचा माल करून दिला. त्यात लोखंड, वीज, मजुरी धरून एक लाख खर्च. पार्टी, म्हणजे माल घेणारी कंपनी, नव्वद दिवसांनी पैसे देते. म्हणजे पहिला रुपया हातात येईपर्यंत तीन महिन्यांचे तीन लाख त्याने घातलेले असतात. हे तीन लाख कुठल्याच योजनेच्या जाहिरातीत नसतात. बँक मशीनला पैसे देते, कारण मशीन दिसतं. चालू भांडवल मागायला गेलं की मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद मागते. ज्याचा धंदाच सहा महिन्यांचा आहे, तो ते कुठून आणणार? त्यावर जीएसटी. बिल फाडलं की त्यावरचा 18 टक्के कर पुढच्या महिन्यात भरायचा, पार्टीने पैसे दिलेले असोत वा नसोत. लोखंडावर भरलेला कर वजा होतो, तरी उरलेला स्वतःच्या खिशातून जातोच. कागदावर नफा दाखवणारं युनिट अशा रीतीने बंद पडताना मी पाहिलं आहे. पोरगं हुशार होतं, माल रिजेक्ट होत नव्हता, व्यसन नव्हतं. त्याचे पैसे अडकले होते एवढंच. लोक म्हणाले, त्याला धंदा जमला नाही.

यासाठी कायदा आहे, आणि चांगला आहे. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे लेखी करार नसेल तर 15 दिवसांत, असेल तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे चुकते करावेच लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. त्यासाठी पोराकडे उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, हवी. ती आधार क्रमांकावर, फुकट होते, एजंटाला पैसे द्यायची गरज नाही. एप्रिल 2024 पासून आयकर कायद्यातही तरतूद आली, की अशा उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला तो खर्च म्हणून दाखवता येत नाही. सगळं खरं. पण तक्रार करणार कोण? एकच पार्टी असलेलं पोर त्या पार्टीविरुद्ध तक्रार करत नाही. त्याला पुढचं काम हवं असतं.

म्हणून मी आता पोरांपेक्षा मोठ्यांशी जास्त बोलतो. माझ्या वयाचे, माझ्या ओळखीचे कितीतरी लोक कारखाने चालवतात. सभासमारंभात ते तरुणांनी धंद्यात यावं असं कळकळीने सांगतात, आणि ती कळकळ खरी असते. त्यांना मी एकच विचारतो: तुमच्याकडे काम करणाऱ्या सगळ्यात लहान युनिटाचं सगळ्यात जुनं बिल किती दिवसांचं आहे? बऱ्याच जणांना माहीत नसतं, कारण ते अकाउंट्सवाल्याचं काम. एका मालकाने मात्र दुसऱ्याच दिवशी यादी मागवली, आणि पाच माणसांच्या आतल्या शेडवाल्यांचे पैसे महिन्याच्या दहा तारखेच्या आत द्यायचेच, असा नियम घालून दिला. त्याच्या एकूण उलाढालीत ती रक्कम नगण्य होती. त्या शेडवाल्यांच्या घरचं मात्र सगळं तिच्यावर चालत होतं. तरुण उद्योजकासाठी त्याने केलं तेवढं मोठं काम मी दुसऱ्या कुणी केलेलं पाहिलं नाही, आणि त्याला त्यासाठी शाल-श्रीफळ मिळालं नाही.

घराबद्दल थोडंच लिहितो, कारण ते सगळ्यांना माहीत आहे. स्थळ बघायला आलेले लोक पगार विचारतात. पोरगा म्हणतो, माझी शेड आहे. मग ते विचारतात, ते ठीक, पण पगार किती? चार माणसांना पगार देणाऱ्या पोराला बारा हजारांच्या कंत्राटी नोकरीपेक्षा खालचा नंबर मिळतो, आणि कितीतरी चालती युनिटं लग्नासाठी बंद होतात. मुलीच्या बापाला मी दोष देत नाही, त्याला उद्याची काळजी असते. पण बाजारपेठेत पाच-सहा वर्षं टिकलेल्या पोराची पार्ट्यांशी जोडलेली ओळख हीसुद्धा मिळकत आहे, हे त्याला कुणी समजावून सांगायला हवं. आणि धंदा बसलाच, तर तो पोरगा घरी परत आल्यावर पहिल्या दिवशी त्याला काय ऐकावं लागतं, यावर त्याच्या धाकट्या भावाचा निर्णय ठरतो.

शिक्षणातच गिऱ्हाईक आणता येतं का, हा विचार मला कायम छळायचा. आयटीआयमध्ये आम्ही पोरांकडून सुबक जॉब करून घेतो, मोजतो, मार्क देतो आणि बाजूला ठेवून देतो. तो कुणाच्याच कामाचा नसतो. शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम पाहिला तेव्हा मला याचं उत्तर दिसलं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली तो सुरू केला. अमेरिकेत डॉक्टरेट केलेले, हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेले कलबाग एका दुष्काळी गावात येऊन राहिले, आणि शाळेत नापास झालेल्या, शाळा सुटलेल्या पोरांना शिकवायला लागले. वेल्डिंग, बांधकाम, वीज, मोटर दुरुस्ती, शेती, कोंबड्या, खाद्यपदार्थ, सगळं थोडं थोडं. निवासी अभ्यासक्रम. आणि पोरांनी केलेलं काम हे गावातल्या कुणाचं तरी खरं काम असतं, ज्याचे पैसे घ्यायचे असतात.

यात मोठं शहाणपण आहे. खेड्यात एकाच कामावर वर्षभर पोट भरत नाही. पावसाळ्यात बांधकाम बंद, उन्हाळ्यात मोटरी जोरात, दिवाळीला ग्रिल-दारं, लग्नसराईत मांडव. चार कामं येणारं पोर टिकतं. आणि ज्या पोराने शिकतानाच गिऱ्हाइकाला कोटेशन दिलं, ज्याचं वेल्ड गिऱ्हाइकासमोर तुटलं, ज्याने ते पदरच्या वेळेने पुन्हा जोडून दिलं, त्याला उद्योजकता वेगळी शिकवावी लागत नाही. आश्रमाचा हा विचार पुढे पुष्कळ शाळांत गेला, आणि अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेबाहेरच्या पहिल्या काही फॅब लॅबांपैकी (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू घडवायच्या कार्यशाळांपैकी) एक याच पाबळमध्ये उभी राहिली. कलबाग 2003 साली गेले. त्यांच्या कामाची आठवण निघते तेव्हा मला आमच्या आयटीआयच्या कपाटात रांगेत ठेवलेले ते चकचकीत, निरुपयोगी जॉब आठवतात. प्रत्येक आयटीआयने आपल्या तालुक्यातल्या शाळा, दवाखाने, ग्रामपंचायती यांची छोटी कामं रीतसर अंगावर घेतली, पैसे घेऊन केली आणि त्यातला वाटा पोरांच्या नावावर ठेवला, तर पास होताना पोराच्या हातात प्रमाणपत्राबरोबर ओळखीची गिऱ्हाइकंही असतील.

निवृत्तीनंतर गावातल्या हायस्कूलच्या समितीवर मला घेतलं. बाक मोडले होते आणि दर वेळेप्रमाणे शहरातून आणायचं ठरत होतं. माझ्या एका माजी विद्यार्थ्याची फॅब्रिकेशनची शेड गावातच आहे, तिथे टाकू या असं मी सुचवलं. साहजिकच शंका निघाल्या. सरांचा विद्यार्थी म्हणून देताय का, हेही कुणी विचारलं. ते विचारलंच पाहिजे. सार्वजनिक पैसा आहे. म्हणून तीन ठिकाणची कोटेशनं मागवली आणि प्रत्येकाकडून एक नमुना बाक करून घेतला, त्याचे पैसे देऊन. फुकट नमुना मागायचा नाही, यावर मी अडून बसलो. फुकट नमुना मोठ्या दुकानाला परवडतो, नव्या पोराला नाही.

त्याच्या बाकाची कड धारदार होती. सातवीच्या बाईंनी ती दाखवली आणि मुलींचे फ्रॉक फाटतील म्हणून सांगितलं. त्याने कड घासून गोल केली, पायांना रबरी टोप्या बसवल्या, दप्तर अडकवायला बाजूला हूक दिला. हूक कुणी मागितला नव्हता. त्याला स्वतःच्या शाळेतलं खाली पडलेलं दप्तर आठवलं असेल. दर शहरातल्यापेक्षा थोडा कमी बसला. एका वर्गाचे बाक त्याला दिले, निम्मे पैसे आगाऊ, उरलेले माल पोचला त्याच दिवशी. मुख्याध्यापकांनी चेक आधीच लिहून ठेवला होता.

उरलेल्या वर्गांचं कोटेशन त्याने काल आणून दिलं. या वेळी पाइप जास्त जाडीचा धरला आहे, म्हणून बाकामागे दर वाढला आहे, आणि पहिल्या बाकांमध्ये कुठला जोड हलायला लागला ते त्याने स्वतःच खाली लिहून दिलं आहे. ते जोड सुट्टीत येऊन बदलून देतो, त्याचे पैसे नकोत, असंही. शनिवारी समितीची बैठक आहे. कोटेशन तिथे मांडायचं आहे, आणि दर का वाढला ते सांगायला त्यालाच बोलावलं आहे.